थोरांची ओळख : सहा निघाले, सहाही पोहोचले

विद्यार्थी मित्रहो, आपल्या खडोलीत थंडी म्हणजे पहाटेची शाल आणि शेकोटी. बर्फ आपल्याला ठाऊक तो गोळ्याचा! नॉर्वे देशात मात्र हिवाळ्यात रानवाटा बर्फाखाली जातात. तेथील माणसे बुटांना लांब, अरुंद, टोकाशी वर वळलेल्या पट्ट्या बांधतात आणि काठ्यांच्या आधाराने सरकत जातात. या पट्ट्यांना ‘स्की’ म्हणतात. टाच मोकळी राहत असल्याने चढही चढता येतो. मुले, आईवडील, मित्रमंडळी मिळून अशा वनसहली करतात. अशा सहलींतून घडलेल्या फ्रित्यॉफ नान्सेन यांची ओळख आम्ही या अंकात करून देत आहोत.

नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी ख्रिस्तियानिया (आजचे ओस्लो) शहराजवळ झाला. वडील वकील होते, तर आई स्कीमध्ये तरबेज. जवळच्या नॉर्डमार्काच्या जंगलात भावंडांबरोबर हिंडताना थंडी, भूक आणि थकवा सोसण्याची सवय त्यांना लागली. पुढे प्राणिशास्त्र शिकून ते बर्गेनच्या संग्रहालयात काम करू लागले. १८८४ च्या हिवाळ्यात बर्गेनहून डोंगर ओलांडून ते स्कीवर ख्रिस्तियानियाला गेले.

त्या काळी ग्रीनलंडचे हिमपठार कोणीही आरपार ओलांडले नव्हते. आधीचे प्रवासी वस्ती असलेल्या पश्चिम किनाऱ्यावरून निघत आणि अर्ध्यातून परतत. नान्सेन यांनी उलटे ठरवले. निर्जन पूर्व किनाऱ्यावरून निघायचे, म्हणजे मागे फिरण्यात अर्थच उरणार नाही. अनेकांना हा वेडेपणा वाटला. नॉर्वे सरकारने पैसे नाकारले. अखेर एका डॅनिश व्यापाऱ्याने मदत केली.

त्यांच्याबरोबर पाच जण होते : ऑटो स्वेरड्रुप, ओलुफ डिट्रिक्सन, क्रिस्तियान क्रिस्तियान्सेन आणि सामी जमातीचे सामुएल बाल्टो व ओले राव्हना. आपल्याकडे वारली बांधवांना रानाची जशी खडान्‌खडा माहिती, तशी सामींना बर्फाची. राव्हना वयाने सर्वांत मोठे होते.

१७ जुलै १८८८ रोजी हे सहा जण जहाजातून दोन होड्यांत उतरले. पण तरंगत्या हिमखंडांनी त्यांना बारा दिवस दक्षिणेकडे वाहून नेले. किनारा गाठल्यावर ते पुन्हा उत्तरेकडे वल्हवत आले आणि १५ ऑगस्टला चढाई सुरू झाली. सामानाच्या घसरगाड्या स्वतःच ओढायच्या होत्या. पठाराची उंची २,७०० मीटरच्या वर गेली, रात्रीचे तापमान उणे ४० अंशांखाली उतरले. शिदोरीत चरबी कमी पडल्याने जेवूनही भूक भागेना. वारा अनुकूल झाला, तेव्हा त्यांनी गाड्यांना शीड बांधले!

पश्चिमेकडे उतरल्यावर फांद्या आणि कापड यांची छोटी होडी करून नान्सेन व स्वेरड्रुप पुढे गेले. ३ ऑक्टोबरला ते गॉटहॉब (आजचे नूक) येथे पोहोचले. मागे राहिलेल्या चौघांना आणण्याची त्यांनी लगेच व्यवस्था केली आणि सहाही जण सुखरूप पोहोचले. वर्षातले शेवटचे जहाज मात्र निघून गेले होते. तो हिवाळा त्यांनी तेथेच इन्युइट लोकांत काढला.

पुढे १८९३ ते १८९६ या काळात नान्सेन यांनी ‘फ्राम’ जहाजाची प्रसिद्ध उत्तर ध्रुव मोहीम केली. तरी आम्हाला त्यांचे खरे मोठेपण नंतरच्या कामात दिसते. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाच्या वतीने त्यांनी चार लाखांहून अधिक युद्धकैद्यांना घरी पोहोचवले. देश आणि कागदपत्रे दोन्ही गमावलेल्या निर्वासितांसाठी १९२२ साली ‘नान्सेन पारपत्र’ सुरू झाले. पन्नासहून अधिक देशांनी ते मान्य केले. त्याच वर्षी त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. १३ मे १९३० रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या परिसरातील कारखान्यांमुळे दूरदूरची कुटुंबे येथे येतात. एखादे मूल वर्षाच्या मध्येच येते. हाती शाळा सोडल्याचा दाखला नसतो, भाषाही येत नसते. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबाही असेच येथे आले होते. म्हणून पालक आणि विश्वस्तांना आमची विनंती आहे, की अशा मुलाला कागदाअभावी दारातून परत पाठवू नये. आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्ही त्याला आपल्या बाकावर जागा द्या. मागे राहिलेल्यालाही बरोबर घेऊन पोहोचणे, हीच नान्सेन यांची शिकवण आहे.