तीनशे नमस्कारांचा राजा

संस्थानिक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर हत्ती, शिकार आणि मेजवान्या उभ्या राहतात. औंधचे अधिपती श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे या चित्रात कुठेच बसत नाहीत. ते चित्रकार होते, कीर्तनकार होते. १९१६ साली त्यांनी स्वतःच्या चित्रांचे रामायण प्रसिद्ध केले. भांडारकर संस्थेच्या महाभारताला त्यांनी मोठी देणगी दिली. परंतु या लेखात मला त्यांच्या एकाच गोष्टीविषयी लिहावयाचे आहे, आणि ती म्हणजे त्यांचा रोजचा व्यायाम.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते पदवीधर झाले. व्यायामाच्या बाबतीत त्यांची सुरुवात मात्र देशी पद्धतीने झाली नाही. बिनबाह्यांच्या बनियनला आपल्याकडे ज्याचे नाव चिकटले, त्या सँडो या युरोपियन पहिलवानाचा त्या काळी जगभर बोलबाला होता. १८९७ साली, म्हणजे वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, बाळासाहेबांनी सँडोची उपकरणे आणि पुस्तके विकत घेतली व त्याच्या सांगण्याबरहुकूम व्यायाम चालू केला. तो त्यांनी दहा वर्षे नेमाने केला. पुष्कळांची पुस्तके दहा दिवसांत माळ्यावर जातात, हे लक्षात घेतले म्हणजे या दहा वर्षांची किंमत कळते.

मग १९०८ मध्ये मिरजेचे अधिपती गंगाधरराव पटवर्धन यांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. पुढच्याच वर्षी, १९०९ साली, ते औंधच्या गादीवर आले. राज्याचा व्याप वाढला त्याच सुमारास त्यांचा व्यायाम साधा झाला, याचे मला नवल वाटते. सँडोच्या व्यायामाला उपकरण लागते. कुस्तीला जोडीदार आणि हौद लागतो. नमस्काराला काय लागते? अंथरलेल्या घोंगडीएवढी जागा. मुक्काम कुठेही असो, राजवाड्यात की दौऱ्यावर, ती मिळतेच. व्यायाम मोडण्याची जी कारणे आपण नेहमी सांगतो, त्यांतली निम्मीअधिक इथेच निकालात निघतात.

औंधच्या पद्धतीत एका नमस्काराच्या दहा अवस्था असतात. हात जोडून उभे राहायचे, कमरेत वाकून तळवे जमिनीला टेकायचे, एक पाय मागे, मग दुसरा. त्यानंतर साष्टांग: कपाळ, छाती, दोन्ही हात, दोन्ही गुडघे आणि पायांची बोटे जमिनीला लागतात, पोट मात्र लागू द्यायचे नाही. ज्याने करून पाहिले आहे त्यालाच या ‘मात्र’मधली मेख ठाऊक! पुढे छाती वर उचलायची, कंबर वर घ्यायची, आणि आलो तसेच परत जायचे. त्याला श्वासाची जोड आणि ह्रां, ह्रीं, ह्रूं अशा बीजमंत्रांसह सूर्याच्या नावांचा उच्चार. मंत्रामुळे मोजणी चुकत नाही आणि मनही दुसरीकडे धावत नाही. श्रद्धाळू माणसाला ती उपासना वाटते. ज्याला तसे वाटत नाही त्याचाही ताल त्यामुळे राहतो. बाळासाहेब रोज तीनशे नमस्कार घालीत. एका नमस्काराच्या दहा अवस्था धरल्या तर दिवसाला तीन हजार होतात.

हे वेड त्यांनी स्वतःपुरते ठेवले नाही. राणीसाहेब आणि मुलेबाळे नमस्कार घालू लागली. स्त्रियांनी व्यायाम करावा असे त्या काळी उघड सांगणे सोपे नव्हते. त्यांनी ते आग्रहाने सांगितले. १९२८ साली त्यांचे सूर्यनमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक निघाले. १९३६ च्या सुमारास ते विलायतेस गेले, तेव्हा लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांची पद्धत तिकडच्या वाचकांपुढे मांडली, आणि १९३८ साली बाईंनी संपादित केलेले त्यांचे पुस्तक लंडनमध्ये छापले गेले. औंधसारख्या सुमारे पाचशे चौरस मैलांच्या, तुकड्यातुकड्यांनी विखुरलेल्या संस्थानाचे नाव असे साता समुद्रापार गेले.

संस्थानच्या शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सक्तीचे केले. येथे मात्र माझे मन थोडे अडखळते. आटपाडीकडचा मुलूख दुष्काळी. दिवसभर बापाच्या मागे औत धरणाऱ्या आणि अर्धी भाकरी खाऊन शाळेत येणाऱ्या पोराला पुन्हा व्यायाम कशाला, असे त्याच्या आईला वाटले असेल तर तिचे काय चुकले? माझे वडील अजूनही म्हणतात की व्यायाम हा बसून खाणाऱ्यांचा धंदा. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. चार तास बाकावर बसून माझी पाठ दुखू लागली तेव्हा मला कळले की आता मीही बसून खाणाऱ्यांत जमा झालो आहे! शेतातल्या कामाने अंग शिणते, पण ते एकाच बाजूला वाकते. नमस्कारात ते पुढे वाकते तसे मागेही वळते. राजाने हे पोटभर भाकरीच्या सोयीबरोबर सांगायला हवे होते, असे मला वाटते. आहाराविषयी त्यांनी पुष्कळ लिहिले खरे, पण दूध पिण्याचा सल्ला ज्याच्या गोठ्यात गाय आहे त्यालाच उपयोगी.

तरीही सक्ती करणारा हा राजा हुकूमशहा नव्हता, हे सांगितलेच पाहिजे. १९३९ साली त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली. बहात्तर गावांच्या पंचायतींवर कारभार उभा राहिला. त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली. पुढे ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट त्या प्रयोगावरून सुचला.

१९४८ साली संस्थान विलीन झाले आणि त्याबरोबर शाळांवरचा राजाचा हुकूमही संपला. बाळासाहेब १३ एप्रिल १९५१ रोजी वारले. सक्तीने लावलेली सवय पुढे टिकते का, याचे उत्तर निदान एका घरात सापडते. वडिलांच्या धाकात नमस्कार शिकलेले त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी हिंडले. १९७० साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनीही एक पुस्तक लिहिले. त्याचा विषय सूर्यनमस्कार हाच होता.