जॅक्सनसाहेबाचे दुसरे काम

जॅक्सन म्हटले की मराठी शाळेत शिकलेल्या आम्हां मुलांना एकच प्रसंग आठवतो: २१ डिसेंबर १९०९, नाशिकचे विजयानंद नाट्यगृह, 'शारदा'चा प्रयोग आणि अनंत कान्हेरे. हा कलेक्टर लोकाचाराचा अभ्यासकही होता, हे मला कॉलेजात आल्यावर कळले.

आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन आय. सी. एस. होऊन मुंबई इलाख्यात आला. संस्कृतचा व्यासंग असल्याने त्याला पंडित जॅक्सन म्हणत. गुजरातच्या प्राचीन इतिहासाचे काम करणारे पंडित भगवानलाल इंद्रजी १८८८ साली वारले. त्यांच्या लिखाणात जॅक्सनने भर घातली आणि १८९६ साली ते मुंबई गॅझेटिअरच्या पहिल्या खंडात छापले गेले. आमच्या चलथाणचा मुलूख म्हणजे जुना लाट देश. तेथील चालुक्यांची हकीकत त्यात सापडते.

पुढे तो लोकसमजुतींकडे वळला. ऊनपाऊस, ग्रामदेवता, भुतेखेते, दृष्ट यांविषयी प्रश्न काढून गावोगावच्या शाळामास्तरांकडून उत्तरे मागवली जात. खरे श्रम त्या मास्तरांचे! विषय मात्र मोठा रसाळ. पाऊस लांबला की मराठी मुलुखात धोंडी निघते, कानडी मुलुखात गुर्जी, इकडे गुजरातेत मेहुलो. भाषा तीन, पण डोक्यावर ओतायचे पाणी तेच.

परंतु हाच पंडित जिल्हा मॅजिस्ट्रेटही होता. कविता छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांना त्याने खटल्यासाठी वर पाठवले आणि जून १९०९ मध्ये त्यांना जन्मठेप काळे पाणी झाले. गावकऱ्यांची गाणी-कहाण्या गोळा करणाऱ्याला नाशिकची गाणी मात्र राजद्रोह वाटली! विद्वत्तेमुळे त्याचा हा दोष मला कमी वाटत नाही. बदली झाल्यामुळे निरोपाचा म्हणून लावलेल्या नाटकालाच त्याला गोळ्या लागल्या. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. कान्हेरे तेव्हा अठरा वर्षांचा होता, म्हणजे आज माझ्याहून दोन वर्षांनी लहान.

जमवलेले कागद तसेच राहिले. भगवानलालांचे काम जॅक्सनने पुरे केले होते, तसे जॅक्सनचे आर. ई. एन्थोव्हेनने हाती घेतले. हाही आय. सी. एस.; मुंबई इलाख्यातील जातीजमातींवर तीन खंड लिहिणारा. त्याने गुजरातची टिपणे १९१४ साली आणि कोकणची १९१५ साली छापली. १९२४ साली ऑक्सफर्डहून मुंबई इलाख्याच्या लोकविद्येवर ग्रंथ निघाला, तो एन्थोव्हेनच्या नावावर.