बिननावाचा मदरबोर्ड आणि डॉ. भाभा

मॅगझिनसाठी होमी भाभांवर लिही, असं सरांनी सांगितलं तेव्हा माझ्या टेबलावर एक जुना मदरबोर्ड पडला होता. पालघरहून उमरोळी सोडलं की बोईसर; तिथल्या भंगारवाल्याकडून किलोच्या भावाने आणलेला. कंपनीचं नाव कुठेच नाही. (मी कॉन्व्हेंटवाला, मराठीच्या चुका पोटात घाला.)

असा बोर्ड चिप्सवरून ओळखतात. चिपवर बहुधा चार आकडे असतात. ८७३५ म्हणजे १९८७ चा ३५ वा आठवडा. सगळ्यांत उशिराचा आकडा सापडला की बोर्ड त्याआधीचा नाही, हे नक्की. माझ्यावर इंटेलचा ८०८८, आठ बिटांचे आठ स्लॉट, कीबोर्डचं गोल सॉकेट. म्हणजे आयबीएम पीसी एक्सटीची नक्कल. कोपऱ्यात बारीक अक्षरांत मेड इन तैवान. मागे मात्र तुटलेल्या ट्रॅकवरून कोणीतरी हाताने निळी वायर सोल्डर केलेली. तेवढंच काम आपल्याकडचं असावं. सरांना दाखवला, तर म्हणाले की भाभांच्या मुलांकडे नक्कल करायलासुद्धा असा बोर्ड नव्हता. मग मी लायब्ररीत जाऊन बसलो.

भाभा मुंबईचे, जन्म ३० ऑक्टोबर १९०९. घरच्यांचा बेत असा की केंब्रिजला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचं आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात लागायचं. त्यांचं मन फिजिक्समध्ये. तसं वडिलांना पत्राने कळवलं, तर अट आली की आधी इंजिनिअरिंगमध्ये फर्स्ट क्लास आण. (आपल्या हॉस्टेलमधल्या निम्म्या पोरांना हे घर ओळखीचं वाटेल.) १९३० मध्ये तो आणला आणि सुटले. १९३७ पर्यंत कॉस्मिक किरणांवरच्या कामाने जगभर नाव झालं होतं. १९३९ मध्ये सुट्टीवर भारतात आले, तेवढ्यात युद्ध पेटलं आणि परत जाणं राहूनच गेलं. १९४५ मध्ये टाटांच्या मदतीने टीआयएफआर उभी केली.

तिथेच, आर. नरसिंहन यांच्यासारख्या तरुणांच्या हातून त्यांनी कॉम्प्युटर बनवून घेतला. टिफ्रॅक. सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, मेमरी ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची. १९६० मध्ये तो पूर्ण चालू झाला, पण तोवर बाहेर ट्रान्झिस्टरची मशिन्स आली होती. म्हणजे तयार होतानाच जुना! १९६४ मध्ये टीआयएफआरनेच सीडीसी ३६०० हे अमेरिकन मशीन आणलं. मग टिफ्रॅक फुकट गेला का? मला नाही वाटत. आतलं प्रत्येक जोडकाम ठाऊक असलेली माणसं त्याने तयार केली. विकत आणलेल्या मशीनमधून ती मिळत नाहीत.

मला खटकलं ते तारापूर. स्वतः बनवा म्हणणाऱ्या या माणसाने इथली पहिली दोन अणुभट्ट्यांची युनिट्स अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून घेतली, तीही तयार. कॉन्ट्रॅक्ट १९६४ चं. कारण शोधलं. कोळशाच्या खाणींपासून लांब असलेल्या भागात अणुवीज परवडते, हे त्यांना लवकर दाखवायचं होतं. कुठे बनवायचं आणि कुठे विकत घ्यायचं, हे ते वेगवेगळं ठरवत. पटतं, पण पूर्ण नाही.

१९६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक्सचे कोणते भाग देशात बनवायचे हे ठरवणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष झाले. २४ जानेवारी १९६६ ला त्यांचं विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलं. समितीचा रिपोर्ट त्याच वर्षी आला, पुढच्या वर्षी हैदराबादला ईसीआयएल निघाली. तारापूरची वीज व्यापारी तत्त्वावर सुरू झाली २८ ऑक्टोबर १९६९ ला. आणखी दोन दिवसांनी त्यांना साठ वर्षं पूर्ण झाली असती. तिथलीच तीन आणि चार नंबरची ५४० मेगावॅटची युनिट्स मात्र आपल्या डिझाइनची. ती २००५-०६ मध्ये आली.

बोर्ड कोणत्या कंपनीचा ते अजून कळलेलं नाही. निळी वायर शाबूत आहे. कोणाकडे एक्सटीचा चालू पॉवर सप्लाय असेल तर रूमवर आणून द्या, लावून बघू.