दोनदा घर सोडलेली अ‍ॅन

अ‍ॅन फ्रँक जगाला ठाऊक आहे ती तिच्या डायरीमुळे. परंतु त्याआधी कित्येक वर्षे ती निर्वासित होती. १२ जून १९२९ रोजी फ्रँकफर्टमधील ज्यू कुटुंबात तिचा जन्म झाला. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येताच फ्रँक कुटुंबाने जर्मनी सोडली. अ‍ॅमस्टरडॅममध्ये चिमुकली अ‍ॅन डच शाळेत रमली. मात्र मे १९४० मध्ये जर्मन फौजा तेथेही येऊन धडकल्या. १९४१ मध्ये नाझी राजवटीने तिचे नागरिकत्व हिरावले. अमेरिकेत आश्रय मिळवण्याचे वडिलांचे प्रयत्नही निष्फळ ठरले. जुलै १९४२ मध्ये वडिलांच्या कचेरीमागील गुप्त जागेत कुटुंब दडले. ऑगस्ट १९४४ मध्ये पकडले गेले. १९४५ च्या प्रारंभी बर्गन-बेल्सन छळछावणीत अ‍ॅनची प्राणज्योत मालवली. तेव्हा ती अवघी १५ वर्षांची होती आणि कोणत्याही देशाची नागरिक नव्हती.