टाटांच्या गिरणीतली ओली हवा

जमशेदजी टाटा म्हटले की पोलाद आठवते. पण हवेवर ताबा मिळवण्याच्या इतिहासातही त्यांचे एक पान आहे आणि ते नागपुरात लिहिले गेले.

जमशेदजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, नवसारीचा. शिक्षण मुंबईत एल्फिन्स्टनला झाले. १८६९ मध्ये त्यांनी चिंचपोकळीची बुडीत तेलगिरणी घेऊन तिची कापडगिरणी केली. पुढे गिरणी कापसाच्या मुलखातच हवी, असे ठरवून ते नागपुरात आले. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली.

कापूस जवळ होता, पण उन्हाळा आपल्या नांदेड-लातूरसारखाच कोरडा. कोरड्या हवेत तंतू ठिसूळ होतो आणि सूत सारखे तुटते. जमशेदजींनी गिरणीत हवा ओलसर ठेवणारी यंत्रे, म्हणजे ह्युमिडिफायर बसवले. पाण्याच्या बारीक थेंबांची वाफ होताना ती हवेतली उष्णता शोषून घेते. त्यामुळे हवा ओली होते, थोडी थंडही होते. आपला कूलर याच तत्त्वावर चालतो.

मात्र सुताला मानवते ते शरीराला मानवेलच असे नाही. घाम वाळतो तेव्हा शरीर थंड होते. हवा फार दमट झाली की घाम नुसता ओघळतो, वाळत नाही आणि शरीराचे तापमान चढू लागते. इंग्लंडमध्ये याच कारणाने १८८९ मध्ये विणकामाच्या कारखान्यांतल्या ओलाव्यावर कायद्याने मर्यादा आली. जमशेदजींनी कामगाराचाही विचार केला. त्यांनी १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. तेव्हा आपल्याकडे असे कायदे नव्हते.

एसीचे काम उलटे असते. १९०२ मध्ये विलिस कॅरिअर यांनी अमेरिकेतल्या एका छापखान्यासाठी हवेतली ओल काढणारी यंत्रणा आखली. एसीतल्या थंड नळ्यांवर हवेतली वाफ पाणी होऊन ठिबकते. नळ्यांतला वायू खोलीतली उष्णता घेतो आणि कॉम्प्रेसरच्या जोरावर ती बाहेर टाकतो. म्हणून एसीला दारे-खिडक्या बंद लागतात. कूलरला मात्र एक खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत ओल साचते.

जमशेदजी १९ मे १९०४ रोजी जर्मनीत वारले. घरोघरी एसी येण्याला तेव्हा कित्येक दशके अवकाश होता.

त्यांच्या गिरणीतून आपण घ्यायचे ते एवढेच: उकाडा मोजताना पाऱ्याबरोबर हवेतली ओलही पाहा. मे महिन्यात कूलर गुणकारी. पावसाळी दमटपणात त्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा. घरात म्हातारी माणसे, तान्ही बाळे किंवा हृदयरोगी असतील तर हे आवर्जून पाळा. उकाड्यात कुणी असंबद्ध बोलू लागले, अंग तापले, तर कपडे सैल करून अंग ओले करा, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा.