रानहळदीला नाव देणारे जॉन ग्रॅहम

नायगावहून अर्धापूर, वसमतकडे निघालात की हळद कोणाला शिकवायची गरज नाही. बेणे, भर, काढणी हे तुम्हीच आम्हाला सांगाल. पण या हळदीची एक जंगली बहीण आहे, रानहळद. पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारांवर ती फुलते : खाली पिवळी फुले आणि वर गुलाबी-जांभळा तुरा. तिला आज चालणारे शास्त्रीय नाव देणारा माणूस ना शेतकरी होता, ना कृषी अधिकारी. तो टपाल खात्यात होता.

जॉन ग्रॅहम यांचा जन्म १८०५ मध्ये स्कॉटलंडमध्ये झाला. मुंबईत ते डेप्युटी पोस्टमास्टर जनरल होते. दिवस टपालाच्या कामात जाई, पण मन झाडांत. शिवडीला तेव्हा कृषी-उद्यान संस्थेची बाग होती (पुढे त्याच जागी दफनभूमी झाली), त्या बागेच्या कामातही त्यांनी लक्ष घातले. मुंबई आणि आसपास कोणत्या वनस्पती वाढतात याची एकत्र यादी नव्हती. ती करण्याचे त्यांनी मनावर घेतले. आज फोटो काढून मोबाईलवर नाव विचारता येते. तेव्हा प्रत्येक झाड जुन्या ग्रंथांतल्या वर्णनाशी ताडून पाहावे लागे.

रॉक्सबर्ग यांनी पूर्वेकडच्या एका हळदीला डोंगरी हळद म्हणून 'कुर्कुमा मोन्टाना' हे नाव दिले होते. आपल्याकडची तिच्यासारखी दिसते, पण ती नव्हे. म्हणून ग्रॅहम यांच्या यादीत हिचे नाव पडले 'कुर्कुमा स्यूडोमोन्टाना', म्हणजे तोतया डोंगरी हळद. नाव काही फार मानाचे नाही, पण टिकले.

यादी छापखान्यात असतानाच, १८३९ मध्ये, खंडाळ्यात ग्रॅहम वारले. वय चौतिशीच्या आसपास. उरलेले काम त्यांचे स्नेही जोसेफ निम्मो यांनी पुरे केले आणि पुस्तक त्याच वर्षी निघाले. हळदीचे कूळ पुस्तकाच्या शेवटच्या भागात येते. रानहळदीचे नाव छापलेले ग्रॅहम यांनी बहुधा पाहिलेच नाही.

आता तुमच्या परसबागेचे. रानहळद बहुवर्षायू आहे, एकदा लावली की दरवर्षी येते. कंद जंगलातून उपटून आणू नका; रोपवाटिकेतून किंवा ज्यांच्याकडे आधीच लावलेली आहे त्यांच्याकडून घ्या. मे अखेरीस अर्धवट सावलीत लावा. आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचून कंद सडतो, म्हणून गादीवाफा करून त्यात मुरूम व कुजलेले शेणखत मिसळा. हळदीच्या पिकाजवळ मात्र लावू नका, कंदकूज आणि कंदमाशी दोघींनाही सोडत नाही. स्वयंपाकातही वापरू नका, ही मसाल्याची हळद नव्हे.

फुलांवर मधमाश्या येतात. पोटावर निळे पट्टे असलेली एकटी राहणारी माशी दिसली तर तिला हाकलू नका. ती जमिनीत किंवा जुन्या पांढऱ्या मातीच्या भिंतीत घर करते. फुलोऱ्याच्या काळात त्या वाफ्यावर कीटकनाशक फवारू नका.

हिवाळ्यात पाने वाळून जातील. झाड मेले असे समजू नका, कंद खाली जिवंत असतो. जागेवर एक काठी रोवून ठेवा, नाहीतर घरातले कोणीतरी तिथेच मेथी टाकायला कुदळ मारेल.