पंडिता रमाबाई : श्रद्धा आणि निर्णय

पंडिता रमाबाईंचे नाव विद्वत्तेसाठी, अनाथ स्त्रियांच्या सेवेसाठी आणि धर्मांतरामुळे उठलेल्या वादळासाठी घेतले जाते. या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी त्यांच्या स्वभावाचा एक विशेष आहे. आयुष्याच्या प्रत्येक वळणावर त्यांनी आपला निर्णय स्वतः घेतला, तो आपल्या श्रद्धेच्या कसोटीवर पारखला आणि त्याची किंमत कुरकूर न करता मोजली.

हा वारसा त्यांना घरातूनच मिळाला होता. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न चित्पावन ब्राह्मण. स्त्रीला संस्कृत शिकवू नये हा त्या काळचा दंडक मोडून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. त्यावरून पंडितांचा रोष ओढवला, तरी ते आपल्या मतावरून ढळले नाहीत. आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात त्यांनी आश्रम थाटला आणि तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. त्या काही महिन्यांच्या असतानाच कुटुंबाने आश्रम सोडला. तीर्थक्षेत्रे हिंडत, पुराणे सांगत त्यांचा चरितार्थ चाले. भोवतालची भाषा दर मुक्कामाला बदले. आईबापांशी बोलण्याची भाषा मात्र मराठीच राहिली. संस्कृतचे पाठ रमाबाईंना आईने पहाटेच्या वेळी तोंडी दिले.

१८७४च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळाचे दिवस आले. दक्षिणा देणारे हात आखडले. भिक्षा मागणे किंवा मजुरी करणे हे या विद्वान कुटुंबाला ठाऊकच नव्हते. जवळचा पैसा दानधर्मात आणि व्रतवैकल्यांत संपला. पिता, माता आणि थोरली बहीण अशी एकामागून एक माणसे गेली. उरलेल्या रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास यांनी हजारो मैलांची पायपीट केली. ही उपासमार रमाबाई पुढे कधीही विसरल्या नाहीत.

१८७८मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविले. सन्मान मिळाला, पण धर्मग्रंथ वाचता वाचता मनात शंकाही वाढू लागल्या. स्त्रीला आणि शूद्राला मोक्षाचा अधिकार कोणता, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्यांना ग्रंथांत सापडेना. १८८०मध्ये बंधूंचाही मृत्यू झाला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर जातीने ब्राह्मण नव्हता. या विवाहाने त्या दोघांनाही समाजाने दूर लोटले.

आसामकडील सिल्चर येथे त्यांचा संसार सुरू झाला. घरातील पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती आली आणि त्यांचे कुतूहल जागे झाले. पत्नीने ख्रिस्ती धर्म समजून घ्यावा याला मेधावींची हरकत नव्हती. तिने तो उघडपणे स्वीकारावा हे मात्र त्यांना मान्य नव्हते. हा प्रश्न तसाच राहिला. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने मेधावींचा अंत झाला. तेविसाव्या वर्षी, पदरी मनोरमा ही लहान मुलगी घेऊन, रमाबाई विधवा झाल्या.

त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देताना स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य यांची गरज ठासून मांडली. वैद्यकीय शिक्षण घ्यावे या हेतूने १८८३मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. धर्म बदलण्याचा त्यांचा विचार नव्हता. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघाने त्यांना आश्रय दिला. पण काही काळातच त्यांच्याबरोबर आलेली मैत्रीण आनंदीबाई भगत हिने तेथे आत्महत्या केली. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचा मार्गही बंद झाला. परक्या मुलुखात, मुलीला जवळ घेऊन, पुढे काय करावे हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला.

याच काळात भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील आपला आश्रम दाखवला. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना तेथे प्रेमाने सांभाळले जात होते. अशा स्त्रियांसाठी शिक्षा आणि तिरस्कार यांखेरीज दुसरे काही असू शकते, हे रमाबाई प्रथमच पाहत होत्या. हे का केले जाते, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील, विहिरीवर पाणी भरण्यास आलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा सांगितली. ज्या स्त्रीशी कोणी बोलत नसे तिच्याशी येशू धर्माविषयी बोलला, ही गोष्ट त्यांच्या मनात खोल रुतली. ग्रंथांत न सापडलेले उत्तर त्यांना येथे आचरणात दिसले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. स्वदेशातील असंख्य चाहते या बातमीने दुखावले आणि त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. जोतीराव फुले यांच्यासारखे त्यांची बाजू घेणारे थोडेच होते.

धर्म स्वीकारला म्हणजे विचार करण्याचे काम दुसऱ्यांवर सोपवले, असे मात्र रमाबाईंनी मानले नाही. चर्चच्या काही सिद्धान्तांविषयी, विशेषतः त्रैक्याविषयी, त्यांना शंका होत्या आणि त्या त्यांनी लपवल्या नाहीत. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डाइन आणि चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांनी दीर्घ पत्रव्यवहार केला. एका पुरोहितवर्गाच्या अधिकारातून सुटून दुसऱ्याच्या अधिकाराखाली जाण्यास त्या तयार नव्हत्या. शास्त्र स्वतः वाचायचे, प्रार्थना करायची आणि मग सदसद्विवेकबुद्धीला पटेल ते करायचे, ही त्यांची रीत ठरली. आश्रय देणाऱ्यांची नाराजी पत्करूनही त्यांनी ती सोडली नाही.

१८८६मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजी ग्रंथ लिहिला, व्याख्याने दिली आणि बॉस्टनमध्ये त्यांच्या कार्याला दहा वर्षे साहाय्य करणारे मंडळ उभे राहिले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलवण्यात आले. येथे विधवांना शिक्षण मिळे, धर्म ज्याचा त्याचा असे. महर्षी कर्व्यांशी विवाह करणाऱ्या गोदूबाई या तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होत.

१८९३मध्ये कसोटीचा प्रसंग आला. रमाबाई स्वतःची प्रार्थना करीत तेव्हा खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. लहान वयाच्या मुलींवर शिक्षिकेचा प्रभाव पडणारच, तेव्हा ही तटस्थता नव्हे, असा आक्षेप निघाला. तो निराधार होता असे म्हणता येणार नाही. आक्षेप घेणाऱ्यांत रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे संस्थेचे सच्चे हितचिंतकही होते. रमाबाईंची बाजू अशी की, त्या कोणावर सक्ती करणार नाहीत, पण आपली श्रद्धा लपवण्यासाठी दारही लावणार नाहीत. सल्लागारांनी राजीनामे दिले. अनेक पालकांनी मुलींना काढून नेले. ज्या समाजासाठी संस्था उभी केली त्यानेच पाठ फिरवली. तरी उरलेल्या मुलींना घेऊन काम चालू राहिले.

१८९६-९७मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. निराधार मुली रस्त्यांवर भटकत असल्याच्या वार्ता पुण्यास येऊ लागल्या. रमाबाईंजवळ पैसा नव्हता. अमेरिकेतून येणारा निधी उच्चवर्णीय विधवांसाठी होता. दुष्काळाने उघड्यावर पडलेल्या मुली मात्र सर्व जातींच्या होत्या. व्यवहार पाहिला तर जाणे शहाणपणाचे नव्हते. पण वीस वर्षांपूर्वीची स्वतःची भूक त्यांना स्वस्थ बसू देईना. देवाने आपल्याला त्यातून वाचवले ते कशासाठी, या विचाराने त्यांचा निश्चय झाला. त्या गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तामुळे त्यांना ठेवता येईना, तेव्हा केडगाव येथे घेतलेल्या शेतजमिनीवर तात्पुरते निवारे उभारण्यात आले. यातूनच मुक्ती सदन आकाराला आले. १९००च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. शेती, विणकाम, छपाई असे उद्योग तेथे स्त्रिया शिकल्या. अंध मुलींच्या शिक्षणाची सोयही झाली.

उतारवयातील शेवटचा मोठा संकल्प भाषेचा होता. प्रचलित मराठी बायबल खेड्यातील साध्या स्त्रीला समजण्यास जड आहे, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. संस्कृत पांडित्यामुळे कीर्ती पावलेल्या विदुषीने येथे संस्कृतप्रचुर शब्द जाणूनबुजून दूर ठेवले. केडगावच्या छापखान्यात जुळणी आणि छपाई स्त्रियांनीच केली. जुलै १९२१मध्ये मनोरमाबाई वारल्या. ज्या कन्येवर पुढील कार्याची भिस्त होती तीच गेली, तरी आईचे काम थांबले नाही. मुद्रिते तपासून होत आली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. ग्रंथ त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला.

रमाबाईंच्या श्रद्धेने त्यांचे निर्णय सोपे केले नाहीत. बहुतेक वेळा ते अधिक कठीणच केले. विवाह, बाप्तिस्मा, चर्चशी मतभेद, उघडे दार, दुष्काळातील प्रवास, यांतील प्रत्येक पावलावर कोणी ना कोणी आप्त वा हितचिंतक दुरावला. तरी ज्याचे कोणी नाही त्याचे काय होणार, हा प्रश्न त्यांच्या मनातून कधी हटला नाही आणि निर्णयाची दिशा त्यावरूनच ठरत गेली. केडगावची संस्था आजही निराधार स्त्रिया व मुलांना आसरा देत आहे.